संस्कार एक, विधी दोन

मार्गशीर्ष सरत आला की वसईच्या चर्चमधून नाताळच्या प्रार्थना मराठीत ऐकू येतात. आज त्याचे कोणास नवल वाटत नाही. परंतु रोमन विधीची हीच उपासना एके काळी लॅटिनमध्ये होत असे. पोप पाचवे पायस यांनी १५७० साली निश्चित केलेली पद्धती किरकोळ फेरफार वगळता सुमारे चारशे वर्षे चालली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ मध्ये, पोप सहावे पॉल यांनी नवी पद्धती प्रसृत केली. लोकभाषा रूढ झाली, धर्मगुरू बहुधा लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, आणि गुडघे टेकून जिभेवर घ्यावयाचा प्रसाद अनेक देशांत उभ्याने, हातावरही मिळू लागला. (याच पोपांनी १९६४ च्या मुंबईभेटीत अन्यधर्मीयांपुढे बृहदारण्यकातील प्रार्थना उद्धृत केली होती.)

येथेच भाविकांच्या मनात काहूर उठले. बाप्तिस्मा जुन्या विधीने झालेल्याने नव्या मिस्सेत प्रसाद घ्यावा काय? दृढीकरण नव्या विधीने झालेला जुन्या वेदीपुढे उणा ठरतो काय? रोमचे उत्तर निःसंदिग्ध आहे: विधी दोन, संस्कार तोच. दृढीकरणाचे शब्द १९७१ मध्ये बदलले. तरी तो संस्कार जन्मात एकदाच. संत ऑगस्टिन यांनी डोनेटसपंथीयांशी वाद घालताना सांगितले होते की, संस्काराचे सामर्थ्य धर्मगुरूच्या योग्यतेवर अवलंबून नसते, कारण खरा दाता ख्रिस्त. आपणांस हे परके वाटू नये. ऋग्वेद्यांची मुंज आश्वलायन सूत्राप्रमाणे, तैत्तिरीयांची आपस्तंब वा हिरण्यकेशी सूत्राप्रमाणे होते. म्हणून दुसऱ्या शाखेच्या बटूस कोणी अनुपनीत मानीत नाही.

तथापि जुन्या विधीस कवटाळणाऱ्यांस मी हटवादी म्हणणार नाही. जन्मभर संस्कृत मंत्र उच्चारणाऱ्यास ठाऊक असते की, अर्थ कळणे आणि अंतःकरणास भिडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नाथमहाराजांनी भागवताचा एकादश स्कंध मराठीत आणला म्हणून मूळ पोथी कोणी पेटीत बंद केली नाही. रोममध्ये मात्र १९८४ मध्ये जुन्या मिस्सेस मर्यादित परवानगी मिळाली, २००७ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ती मोकळी केली आणि २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पुन्हा आवळली. श्रद्धेच्या दोऱ्या अशा सोडणे-आवळणे मला रुचत नाही.

परंतु नवी मिस्साच संशयास्पद मानून नातवाच्या लग्नात आजोबांनी प्रसादासाठी उठू नये, हेही मला पटत नाही. बेनेडिक्ट यांनी तर २००७ मध्येच बजावले होते की, जुन्या विधीच्या धर्मगुरूंनाही नवी मिस्सा तत्त्वतः नाकारता येणार नाही. आज जुन्या मिस्सेसाठी बिशपांची, काही बाबतींत रोमचीही, अनुमती लागते. ती मिळत नसेल तेथे भाविकांनी नव्या वेदीवर निःशंक प्रसाद घ्यावा. आणि अनुमती देणाऱ्यांनीही हात आखडता घेऊ नये.