विमा एजन्सी : कापडवाल्याचा जोडधंदा

आमच्या मालेगावात कापडाचा धंदा म्हणजे हंगामाचा धंदा. रमजान आणि लग्नसराईत दुकानात उभे राहायला जागा नसते, आणि पावसाळ्यात गल्ल्यावर बसून माशा माराव्या लागतात. 2016 ची नोटबंदी, 2017 चा जीएसटी आणि 2020 ची टाळेबंदी यांनी अनेकांची कंबर मोडली. तेव्हापासून पन्नाशीला आलेले व्यापारी बांधव मला विचारतात, "शेठ, ही विम्याची एजन्सी परवडते का?" मी काही वर्षे दुकान सांभाळून ती करतो आहे, म्हणून चार गोष्टी लिहितो.

एजन्सीला गाळा लागत नाही, माल भरावा लागत नाही. दहावी पास असावे लागते आणि एक परीक्षा द्यावी लागते. 35 टक्के गुणांना पास. माझे शिक्षण उर्दू शाळेतले, पण परीक्षा मराठीतही देता येते. खरे भांडवल आहे ओळख. कोणाच्या घरात खाणारी तोंडे किती, कोणाची मुलगी लग्नाची, कोणाची उधारी थकली, हे कापडवाल्याइतके कोणाला ठाऊक असते? पण ही माहिती अमानत आहे, आणि इथेच बरेच जण घसरतात. मीसुद्धा घसरलो.

माझ्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक कारखानदार, बारा मागांचा मालक. 2015 साली त्याची पॉलिसी केली. त्याला साखरेचा आजार आहे हे मला माहीत होते, कारण दुकानात तो चहा बिनसाखरेचा मागे. फॉर्मवर आजाराचा प्रश्न आला तेव्हा तो म्हणाला, "लिहा नाही." वर्षअखेर होती, माझा कोटा अपुरा होता. मी "नाही" लिहिले. 2017 मध्ये तो वारला. कंपनीने दवाखान्याचे जुने कागद काढले आणि दावा नाकारला. भरलेले हप्ते तेवढे परत आले. इद्दत संपल्यावर भाभी मुलाला घेऊन दुकानात आल्या. त्या काही बोलल्या नाहीत, फॉर्मची झेरॉक्स फक्त समोर ठेवली. अक्षर माझेच होते.

कायद्याने पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला असे कारण काढता येत नाही. त्याआधी मात्र येते. साखर आहे असे लिहिले असते तर हप्ता थोडा वाढला असता, किंवा कदाचित पॉलिसी मिळालीच नसती. तेही चालले असते.

आता कमाईचे. पहिल्या हप्त्यावर कमिशन मोठे असते. अनेक वर्षे कायद्याची मर्यादा 35 टक्क्यांची होती, 2023 पासून ते कंपनी आपल्या धोरणाने ठरवते. लोभ तिथेच आहे. पण जोडधंदा पोसतो तो पुढच्या हप्त्यांवर. समजा 200 पॉलिसी आहेत, प्रत्येकीचा वार्षिक हप्ता 12,000 आणि कमिशन पाच टक्के. तर वर्षाला 1,20,000 रुपये दुकानात बसल्या बसल्या येतात. पॉलिसी बंद पडली की गिऱ्हाइकाचेही गेले आणि आपलेही. म्हणून मी कारागिराला वार्षिक हप्ता देत असेल तर तो ईदच्या आसपास पडेल असा धरत नाही. तेव्हा त्याच्या हातात पैसा येतो आणि जातोही.

आपल्या व्यापाऱ्यांची घासाघिशीची सवय इथे नडते. गिऱ्हाईक म्हणते, "कमिशनातले अर्धे मला द्या." कापडात सूट देणे हा व्यवहार आहे, विम्यात तो गुन्हा आहे, दंड दहा लाखांपर्यंत होऊ शकतो.

एक गोष्ट मात्र प्रत्येक विवाहित व्यापाऱ्याला सांगावी. 1874 चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा 1923 पासून मुसलमानांच्या पॉलिसीलाही लागू आहे. पॉलिसी घेतानाच त्याखाली बायकोमुलांच्या नावे केली, तर ती रक्कम त्यांचीच राहते. सूतवाल्याचे देणे थकले तरी सावकाराला तिला हात लावता येत नाही. फक्त देणेकऱ्यांना बुडवायच्या इराद्याने हप्ते भरलेले नसावेत. एकदा केली की मालकालाही ती मोडून खाता येत नाही. दुसऱ्याचे पैसे फिरवणाऱ्या आपल्या धंद्यात हे मोठे संरक्षण आहे, आणि नेमके हेच एजंट सांगत नाहीत.

राहिला व्याजाचा प्रश्न. आपल्या मोहल्ल्यात तो पहिल्या दिवशीच विचारला जातो. व्याज आणि अनिश्चितता या दोन्हींमुळे अनेक उलेमा आयुर्विमा नाजायज मानतात, काही जण परिस्थिती पाहून सवलत देतात. मलेशियाने 1984 साली तकाफुलचा कायदा केला. आपल्या देशात तशी आयुर्विमा कंपनी नाही. मी मुफ्ती नाही, कापडवाला आहे. ज्याच्या मनात शंका आहे त्याला मी आधी आलिमांकडे पाठवतो. काही जण परत येतात, काही येत नाहीत. न आलेल्यांपैकी बहुतेक जण कापड अजून माझ्याकडूनच घेतात.