घर पाहताना सूर्यास्तही पाहावा



गेल्या मे महिन्यात माझा पुतण्या आणि सूनबाई उंड्रीस एक सदनिका पाहून आले आणि तसेच माझ्याकडे आले. त्यांचे बिऱ्हाड रविवार पेठेतील जुन्या वाड्यात. कापडाचे दुकान तेथून पायी पाच मिनिटांवर. वाड्याचा जिना अंधारा व उभा, गाडी लावण्यास जागा नाही, पावसाळ्यात भिंतींना ओल. थोरल्या जाऊबाईंचे गुडघे दुखू लागल्यापासून त्यांचे खाली उतरणेच दुर्मीळ झाले आहे. तेव्हा घर बदलण्याचा विचार मुळीच अवाजवी नव्हता.

“काकी, तिथे लिफ्ट आहे, बाग आहे, हवा मोकळी आहे. शिवाय दलाल म्हणाले, सगळे आपलेच लोक आहेत. उद्या टोकन द्यायचे आहे. तुमचे मत काय?”

मी विचारले, “तुम्ही केव्हा गेला होतात?”

“रविवारी दुपारी. रस्ता मोकळा होता. सूर्यास्तापूर्वी घरी येऊन जेवलोसुद्धा.”

मी म्हटले, “टोकन आठ दिवस थांबव. आधी एखाद्या कामाच्या दिवशी दुकानातून साडेपाच वाजता निघून तिथे जाऊन ये.”

वाचकहो, मे महिन्यात पुण्यास सूर्य सातच्या सुमारास मावळतो. डिसेंबराच्या आरंभी सहाच्या सुमारासच. आज माझा पुतण्या हिवाळ्यात साडेपाचला घरी येतो, आईजवळ बसून जेवतो, मुलीला पाठशाळेत सोडतो आणि दुकानात परततो. उंड्री दहा-बारा किलोमीटर दूर. गोळीबार मैदान, लुल्लानगर, कोंढवा असा मार्ग, आणि संध्याकाळची गर्दी. त्या दिवशी त्याला जाण्यासच तासाहून अधिक वेळ लागला. म्हणजे उद्या डबा दुकानात न्यावा लागणार. चौविहार कदाचित टिकेल. पण घराची पंगत मोडेल. सहा दिवस वडील एकीकडे जेवतील, मुले दुसरीकडे. सदनिकेच्या किमतीत ही किंमत कोणी धरत नाही.

आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात योगशास्त्राच्या पहिल्या प्रकाशात मार्गानुसारी गृहस्थाचे ३५ गुण सांगितले आहेत. त्यांत घराविषयीही विचार आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी नसते. घर फार उघड्यावर नसावे व फार आडबाजूसही नसावे. त्यास बाहेर पडण्याची दारे अनेक नसावीत. आणि शेजार चांगला असावा, असे त्यांचे सांगणे. त्याच यादीत, खर्च मिळकतीच्या मानाने करावा, असेही आहे. आठशे वर्षांपूर्वीची ही कसोटी आजच्या उपनगरास लावून पाहण्यासारखी आहे.

हमरस्त्यावर खिडकी उघडणारे घर फार उघडे. परंतु उंच भिंतीआड असलेले, जेथून भाजीसाठीही गाडी काढावी लागते, ते घर वृद्धांच्या दृष्टीने फार आडबाजूस. म्हणून मी पुतण्याला सांगितले, “आईला बरोबर ने. लिफ्टने खाली उतरल्यावर त्या एकट्या कुठवर जाऊ शकतात ते पाहा. मंदिर वा स्थानक पायी गाठता येते का? रस्ता ओलांडता येतो का? चातुर्मासात साधू-साध्वी जवळपास विराजमान असतील, तर व्याख्यानास जाण्यासाठी त्यांना कुणाची वाट पाहावी लागेल का?” जिना सुटला आणि रस्ता आडवा आला, तर गुडघ्यांची सोय होऊनही जाऊबाई घरातच राहणार.

शेजाराविषयी थोडे स्पष्ट बोलते. “सगळे आपलेच लोक” हे ऐकून आपल्याला धीर येतो, आणि त्यात गैर काही नाही. आहार-विचार जुळले की रोजचे वागणे सुकर होते. परंतु जाऊबाई आजारी असताना रात्रभर उशाशी बसली ती वाड्यातील शेजारीण आपल्या समाजाची नव्हती. पर्युषणात ती आमच्या घरी येताना कांदा-लसणाचा वाससुद्धा येऊ नये म्हणून जपत असे. शास्त्राने शेजारी चांगला असावा असे म्हटले. तो कोणत्या कुळाचा असावा, हे तेथे म्हटलेले नाही. नव्या जागी जाऊन दोन-तीन घरांत बसावे, त्यांची बोलण्याची रीत पाहावी. दलालाच्या शब्दावर शेजार ठरवू नये.

पाण्याचीही चौकशी हवी. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली. उंड्री पहिल्या टप्प्यातले. हद्द वाढली म्हणून नळ लगेच येतो असे नाही. गाळून, उकळून पाणी पिणाऱ्या घराने ते पाणी नळाचे, बोअरचे की टँकरचे, हे विचारलेच पाहिजे. टँकरचा खर्च देखभालीच्या मासिक रकमेत कितीने भर घालतो, हे राहणाऱ्यांकडून कळते, विकणाऱ्यांकडून क्वचितच. भोगवटा प्रमाणपत्र आणि महारेराची नोंदणी स्वतः पाहावी. आणि कर्जाचा हप्ता ठरवताना दिवाळीच्या विक्रीवर हिशेब मांडू नये. ज्येष्ठ-आषाढातील मंद महिन्यांवर मांडावा.

पुतण्याने टोकन दिले नाही. दोन महिने शोधून बिबवेवाडीत, दुकानापासून चार-पाच किलोमीटरवर, जुन्या इमारतीत एक घर घेतले. एक खोली कमी, बाग नाही, लिफ्ट लहान. सूनबाईंना मोकळ्या हवेची खंत आहे, आणि ती खोटी नाही. हिवाळ्यात दोघे भाऊ आळीपाळीने लवकर निघतात. म्हणजे पंगत पूर्ण भरत नाही, पण मोडलीही नाही. जाऊबाई काठी टेकत रोज सकाळी दर्शनास जातात. परवा म्हणाल्या, “वाड्यातली माणसे आठवतात गं.” त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

उंड्री वाईट, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ज्यांचा व्यवसाय हडपसर-कोंढवा भागात आहे, त्यांना तीच जागा उत्तम ठरेल. म्हणून आपणांपैकी जे घर पाहत असतील त्यांना एवढीच विनंती: एकदा सुट्टीच्या दिवशी पाहा, एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी, आणि एकदा भर पावसात. घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान व्यक्तीस बरोबर न्या. मग घरी येऊन, दिवा लागण्यापूर्वी सर्वांनी एकत्र जेवायला बसा, आणि तेथेच निर्णय करा.