मागणीचा भरवसा

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : ‘कशाला मागणी आहे?’ मुलाला काय आवडते, हे पुष्कळदा विचारलेच जात नाही. यात पालकांना दोष देणे सोपे आहे. कर्ज काढून मुलाला शिकविणाऱ्या शेतकऱ्याने नोकरीचा विचार करू नये, असे सुखवस्तू माणसानेच म्हणावे!

परंतु ही मागणी कितपत भरवशाची? महाराष्ट्राने तो अनुभव डी.एड.च्या रूपाने घेतला आहे. बारावीनंतर दोन वर्षे काढली की शिक्षकाची नोकरी निश्चित, या समजुतीने एके काळी या अभ्यासक्रमाकडे झुंबड उडे. २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर निर्बंध आले, २०१३ मध्ये पात्रता परीक्षा सुरू झाली आणि पदविकाधारकांची मोठी फौज भरतीची वाट पाहत बसली. अनेक अध्यापक विद्यालये ओस पडली. ज्यांना शिकविण्याची मुळातच ओढ होती, त्यांच्यापाशी निदान ती विद्या उरली; केवळ हमी पाहून आलेल्यांच्या हाती कागद राहिला.

आज तीच झुंबड संगणक अभियांत्रिकीकडे आहे. अठराव्या वर्षी दिसणारी बाजारपेठ बाविसाव्या वर्षीही तशीच असेल, हे कोणी सांगावे? म्हणून आधी रुची पाहावी. मग त्या विषयावर चरितार्थ कसा चालतो, याची चौकशी त्या क्षेत्रातील दोघा-तिघांकडे करावी, जाहिरातींकडे नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयासोबत दुय्यम विषय घेण्याची वाट मोकळी केली आहे. इतिहासाची आवड असणाऱ्यास संगणकशास्त्राची जोड घेता येईल. मात्र तो दुय्यम विषय शिकविण्यास महाविद्यालयात अध्यापक आहेत का, हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे.