टांबा हाली आणि अमेरिकेचे दार

परदेशातून आलेला एखादा निर्धन मुलगा अमेरिकेत नावारूपाला आला, की त्या देशाला विशेष आनंद होतो. आपल्या राष्ट्रीय श्रद्धेचा जिवंत पुरावाच हाती आला, असे त्याला वाटते. येथे कष्ट करणाऱ्याला कोणतेही शिखर दुर्गम नाही, ही ती श्रद्धा होय. लायबेरियात जन्मलेला आणि कॅन्सास सिटी चीफ्स या व्यावसायिक फुटबॉल संघाकडून २००६ ते २०१७ असे बारा हंगाम खेळलेला टांबा हाली याच्याकडेही असेच पाहिले गेले. हे पाहणे खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. हालीच्या यशात त्याच्या मनगटाचा वाटा मोठा असला, तरी त्या यशाला कायद्याने आणि समाजाने दिलेले आधारही होते. त्यांपैकी काही आधार काढून घ्यावेत, असा विचार त्याच देशात गेली काही वर्षे प्रबळ झाला आहे.

प्रथम त्याच्या खेळाविषयी. अमेरिकन फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून अगदी निराळा खेळ आहे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी असतात आणि लांबट चेंडू बहुधा हातानेच पुढे न्यायचा असतो. चढाईची सूत्रे ज्याच्याकडे असतात तो क्वार्टरबॅक. बचाव करणाऱ्यांची पहिली फळी त्याच्या संघाला अगदी समोरासमोर भिडते. तिच्या मागे वा कडेला उभा राहतो तो लाइनबॅकर. सव्वाशे-दीडशे किलो वजनाच्या रक्षकांना चुकवून, क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्यापूर्वीच त्याला जमिनीवर पाडणे, हे कडेच्या लाइनबॅकरचे मुख्य काम. याला 'सॅक' म्हणतात. दोघांनी मिळून पाडले तर प्रत्येकाच्या खात्यावर अर्धा सॅक जमा होतो.

हाली प्रारंभी पहिल्या फळीत खेळत असे. २००९ मध्ये संघाने बचावाची रचना बदलली आणि त्याला लाइनबॅकरची नवी जागा शिकावी लागली. ती त्याने अशी आत्मसात केली, की २०१० च्या हंगामात त्याच्या नावावर साडेचौदा सॅक लागले. २०११ मध्ये संघाने त्याच्याशी पाच वर्षांसाठी सहा कोटी डॉलरचा करार केला. २०१८ मध्ये तो संघातून बाहेर पडला तेव्हा त्याचे साडेएकोणनव्वद सॅक झाले होते. चीफ्सच्या इतिहासात त्याच्या पुढे त्या वेळी केवळ डेरिक थॉमस हा होता.

या आकड्यांमागे एक उद्ध्वस्त देश आहे. हालीचा जन्म १९८३ मध्ये लायबेरियातील ग्बार्नगा या गावी झाला. तो सहा वर्षांचा असताना, १९८९ च्या डिसेंबरात, चार्ल्स टेलर यांच्या बंडखोरांनी आयव्हरी कोस्टमधून देशात शिरकाव केला आणि यादवीला तोंड फुटले. पुढे ग्बार्नगा हेच टेलर यांचे मुख्य ठाणे बनले. मुलांच्या हाती बंदुका देणारे हे युद्ध मध्ये थोडी उसंत घेऊन २००३ पर्यंत चालले. त्यात सुमारे अडीच लाख माणसे मेली, असा अंदाज आहे. हाली कुटुंबाने सीमा ओलांडून आयव्हरी कोस्टचा आश्रय घेतला.

लायबेरिया हा अमेरिकेला परका देश नव्हे. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी अमेरिकनांनीच १८२० नंतर ही वसाहत उभारली. तिच्या राजधानीला मन्रोव्हिया हे नाव मिळाले तेही अमेरिकेच्या अध्यक्षावरून. १९२६ मध्ये फायरस्टोन कंपनीने रबराच्या लागवडीसाठी तेथील दहा लाख एकर जमीन ९९ वर्षांच्या कराराने मिळवली. १९८० मध्ये लष्करी उठाव करून सत्तेवर आलेल्या सॅम्युएल डो यांच्या जुलमी राजवटीलाही वॉशिंग्टनने सढळ हाताने मदत केली. तेव्हा या देशाच्या विध्वंसातून पळालेल्या माणसांना अमेरिकेने दार उघडले, तर त्यास केवळ औदार्य म्हणता येणार नाही.

हालीसाठी हे दार उघडले ते त्याच्या वडिलांमुळे. ते आधीच अमेरिकेत होते आणि रसायन व भौतिकशास्त्र शिकवीत होते. त्यांच्या प्रयत्नाने १९९४ मध्ये दहा वर्षांचा टांबा आपल्या भावंडांसह न्यू जर्सीतील टीनेक या गावी पोहोचला. युद्धामुळे त्याचे शिक्षण असे जवळजवळ झालेच नव्हते. वाचन-लेखनापासून सुरुवात होती. फुटबॉलची ओळख त्याला झाली ती टीनेकच्या सरकारी शाळेत. तेथून शिष्यवृत्तीवर पेन्सिल्व्हानिया स्टेट विद्यापीठ, आणि २००६ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्याच फेरीत विसावा क्रमांक. या वाटचालीत मुलाची जिद्द होतीच. परंतु शिक्षक असलेला बाप, फी न घेणारी शाळा आणि निरक्षर परदेशी मुलाला वर्गात बसवून घेणारे शिक्षकही होते.

आई मात्र लायबेरियातच राहिली होती. आई-वडिलांचा विवाह झालेला नसल्याने वडिलांच्या आधारे तिला येता येत नव्हते. युद्धात तिला गोळी लागली. वर्षे लोटत होती. २००६ मध्ये हालीने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि त्याच वर्षी, बारा वर्षांच्या ताटातुटीनंतर, मायलेकरांची भेट झाली. एकवीस वर्षांवरील नागरिकाला आपल्या आई-वडिलांना, कोणत्याही वार्षिक संख्यामर्यादेविना, कायम वास्तव्यासाठी आणता येते, ही १९६५ च्या कायद्यातील तरतूद येथे कामी आली. लोकप्रियतेचा नव्हे, तर प्रत्येक नागरिकाचा हा हक्क आहे.

याच हक्काला आता 'साखळी स्थलांतर' असे हिणवले जाते. २०१७ मध्ये दोन सिनेटरांनी आणलेल्या आणि अध्यक्ष ट्रम्प यांनी उचलून धरलेल्या विधेयकात नागरिकांच्या आई-वडिलांचा कायम वास्तव्याचा हा मार्ग बंद करून त्यांना केवळ तात्पुरता परवाना देण्याची योजना होती. अल्पवयीन मुलांना त्यात जागा होती. पण नोकरीसाठी येणाऱ्यांची पारख शिक्षण, इंग्रजीचे ज्ञान आणि मिळकत यांना गुण देऊन व्हायची होती. विधेयक मंजूर झाले नाही, तरी विचार मेलेला नाही. या तराजूत १९९४ मधल्या टांबाला किती गुण मिळाले असते, हे सांगायला गणिती नको.

कोणी म्हणेल, की प्रत्येक निर्वासित काही हाली होत नाही, आणि दार किती उघडावे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे. दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु पहिल्यातून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे. अमेरिकेतील हजारो लायबेरियन रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत सेवा करून उपजीविका करतात. त्यांच्यावर कोणी चरित्रे लिहीत नाही. १९९१ पासून त्यांतील अनेकांना तात्पुरते संरक्षण मिळत गेले. मुदत संपत आली की पुन्हा वाढ, पुन्हा धाकधूक. २०१८ च्या मार्चमध्ये, ज्या महिन्यात हाली चीफ्समधून बाहेर पडला त्याच महिन्यात, ट्रम्प यांनी हे संरक्षण वर्षभरात संपवण्याचा आदेश दिला. अखेर २०१९ च्या डिसेंबरात काँग्रेसने कायदा करून त्यांना कायम वास्तव्याची वाट मोकळी केली. तोवर अठ्ठावीस वर्षे गेली होती. या काळात तेथे जन्मलेली मुले स्वतः आईबाप झाली असतील.

राष्ट्राच्या अधिकाराबद्दल वाद नाही. तो वापरण्याच्या विवेकाबद्दल आहे. हालीला वडील होते. ज्यांना असे कोणीच नाही, त्यांच्यासाठी निर्वासितांचा मार्ग असतो. २०२५ च्या जानेवारीत ट्रम्प प्रशासनाने तो स्थगित केला आणि ऑक्टोबरात नव्या वर्षाची मर्यादा ७,५०० वर आणली. आदल्या वर्षी ती सव्वा लाख होती. उरलेल्या जागाही प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या आफ्रिकानरांसाठी राखल्या गेल्या.

दारात उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलाकडे पाहून तो पुढे काय होईल हे कोणत्याही अधिकाऱ्याला सांगता येत नाही. टांबा हालीबद्दलही ते कोणी सांगू शकले नसते. म्हणूनच आश्रयाचा कायदा भावी कर्तृत्वाच्या अंदाजावर नव्हे, तर समोरच्या संकटावर आणि माणसाच्या नात्यांवर उभारावा लागतो. यशस्वी झालेल्याला डोक्यावर घेण्यात कोणत्याही समाजाचे काही खर्च होत नाही. ज्याच्याकडे दाखवण्याजोगे काहीच नाही, त्याला तो कसे वागवतो, यावरच त्याच्या श्रद्धेचे मोल ठरते.