धोका मोजायलाही पैसा लागतो

रुईच्या पानांवर काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची अळी तुम्ही पाहिली असेल. मोनार्क फुलपाखराची अळी ही तिची अमेरिकेतील नातलग. रुईच्याच कुळातील मिल्कवीड नावाची वनस्पती हे तिचे एकमेव अन्न, आणि ही वनस्पती तेथे मक्याच्या शेतात व बांधावर तण म्हणून वाढते. १९९९ साली कॉर्नेल विद्यापीठातील जॉन लोसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिल्कवीडच्या पानांवर बीटी मक्याचे परागकण भुरभुरून ती पाने अळ्यांना खाऊ घातली. चार दिवसांत जवळजवळ निम्म्या अळ्या मेल्या. साध्या मक्याचे परागकण दिलेल्या अळ्यांपैकी एकही मेली नाही.

बीटी मका म्हणजे काय? जमिनीत आढळणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूचे एक प्रथिन काही अळ्यांना विषासारखे बाधते. त्याचा जनुक मक्यात घातला की मक्याचे झाड स्वतःच ते प्रथिन बनवू लागते. खोडकिडीला आळा बसतो, फवारणी वाचते. फायदा खराच आहे.

लोसी यांच्या प्रयोगाने मोठे वादळ उठले. परंतु प्रयोगशाळेत पानावर परागकण टाकणे वेगळे आणि शेतात ते खरोखर किती पडतात हे पाहणे वेगळे. सरकार व बियाणे कंपन्यांनी मिळून पैसा उभा केला, तेव्हा कुठे शास्त्रज्ञ शेतांत जाऊन पानांवरचे परागकण मोजू लागले. २००१ साली उत्तर मिळाले. बहुतेक प्रकारच्या बीटी मक्यापासून मोनार्कला असलेला धोका नगण्य होता. 'इव्हेंट १७६' या एका प्रकाराचा पराग मात्र खरोखरच घातक होता. सुदैवाने त्याची लागवड थोडी होती, आणि पुढे तो बंदच झाला.

पण तारखा पाहा. बीटी मका शेतात आला १९९६ साली, आणि उत्तर मिळाले २००१ साली. पेपर देऊन आल्यावर अभ्यासाला बसावे, तसाच हा प्रकार!

अमेरिकेत तरतूद नव्हती असे नाही. कृषिखाते जैवतंत्रज्ञानाच्या संशोधनावर जो खर्च करते त्याचा किमान एक टक्का धोक्यांच्या अभ्यासासाठी ठेवावा, असे १९९० च्या कायद्याने ठरवले. २००२ साली त्याचे दोन टक्के झाले. कल्पना मला फार आवडते; प्रमाण मात्र तुटपुंजे वाटते. कंपन्या करतात तो खर्च तर या हिशेबात धरलेलाच नाही.

यावर काही शास्त्रज्ञ म्हणतात, की उपयुक्त संशोधनाचा पैसा भीतीपोटी का वळवावा? मला हे पटत नाही. ओरेगन राज्यात गोल्फच्या मैदानासाठी तणनाशकाला दाद न देणारे गवत तयार केले होते. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या परागाचा माग काढला. तो वाऱ्याबरोबर २१ किलोमीटरपर्यंत पोहोचल्याचे त्यांनी २००४ साली दाखवून दिले. हे गवत नंतर शेताबाहेरही उगवलेले सापडले. असा माग कोणी फुकट काढत नाही. तो काढला नाही, तर "काहीच धोका नाही" म्हणणारा आणि "सर्वनाश होणार" म्हणणारा, दोघेही अंदाजानेच बोलणार.

आपल्याकडे २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. कपाशीच्या गावांत पूर्वी घरोघरी बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या सरकीची १२० ग्रॅमची पुडी येत असे. बीटीला न जुमानणाऱ्या अळ्या लवकर वाढू नयेत म्हणून ती कडेने लावायची होती. पुष्कळांनी लावलीच नाही. पुढे गुलाबी बोंडअळीने आधी एका जनुकाच्या व नंतर दोन जनुकांच्या कपाशीवरही मात केली. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात तिने केलेले नुकसान शिक्षकांना आठवत असेल.

हा धोका एका हंगामात दिसला नाही, त्याला दहा-पंधरा वर्षे लागली. संशोधनाची अनुदाने मात्र बहुधा दोन-तीन वर्षांत संपतात. म्हणून माझे मत असे, की नवे बियाणे विकणाऱ्यानेही दर पाकिटामागे थोडी रक्कम एका सामाईक निधीत भरावी, शास्त्रज्ञ कोण हे त्याने ठरवू नये, आणि ते बियाणे शेतात असेपर्यंत अळ्या गोळा करून तपासण्याचे काम दर हंगामात चालू राहावे.