घरचे जादा कोंबडे : एक विचार

परसांत आठदहा कोंबड्या बाळगणाऱ्या शेतकरी बंधूंपुढें दरसाल एक अडचण उभी राहते, परंतु तिजविषयीं कोणी उघड बोलत नाहीं. खुडूक कोंबडीखालीं बारा अंडीं ठेवावीं, दहा पिलें निघावीं, आणि चारपांच महिन्यांनीं पाहावें तों त्यांपैकीं सहा आरवूं लागलेलीं असावीं ! कोलशेत येथें आमच्या घरीं गेल्या वर्षीं हेंच घडलें. गांवठाणाभोंवतीं भातखाचरें होतीं तेव्हां पहांटे सहा कोंबडे आरवले तरी कोणाची झोप मोडत नसे. आतां चोहोंकडे उंच इमारती उठल्या आहेत. शेजाऱ्यांनीं तक्रार केली, व आम्हीं घाईघाईनें दोन कोंबडे एका अनोळखी गृहस्थास फुकट देऊन टाकले. ते झुंजीसाठीं नेले, असें मागाहून कळलें. विचारपूस न करतां दिले, ही चूक आमचीच.

या अनुभवावरून आमचें मत असें झालें आहे कीं, अंडीं उबवणीस ठेवण्यापूर्वींच नरांची सोय ठरविली पाहिजे, आणि नर लवकर ओळखले पाहिजेत.

पिलूं नर कीं मादी हें कोंबडीकडून येणाऱ्या बीजावर ठरतें, कोंबड्याच्या नव्हे. आणि पुष्कळ पिलें धरलीं तर प्रमाण जवळजवळ निमेनिम पडतें. टोंकदार अंड्यांतून नर निघतो ही समजूत निराधार आहे. एक दिवसाच्या पिलाचें गुदद्वार तपासून नर ओळखण्याची रीत जपानांत मासुई व हाशिमोतो यांनीं १९२५ च्या सुमारास मांडली. परंतु तिला फार सराव लागतो, व अननुभवी हातीं पिलूं दगावतें. ती घरीं करूं नये. पट्टेरी प्लिमथ रॉक कोंबडीस ऱ्होड आयलंड रेड कोंबडा लावल्यास जन्मतःच नर पिलाच्या डोक्यावर पांढुरका ठिपका दिसतो, मादीच्या दिसत नाहीं. गांवरान पिलांत मात्र या खुणेचा भरंवसा नाहीं.

गांवरान पिलांवर सहाव्या-आठव्या आठवड्यापासून नजर ठेवावी, व एकाच उबवणीच्या पिलांची परस्परांशीं तुलना करावी. ज्याचा तुरा आधीं वाढतो व लाल होतो, ज्याचे पाय जाड दिसतात, तो बहुधा नर. पुढें तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत कमरेवरील पिसें पाहावीं : नराचीं लांब, निमुळतीं व चकचकीत, तलंगेचीं रुंद व वाटोळ्या टोंकाचीं. आरवण्याची वाट पाहात बसूं नये. तोंपर्यंत शेजारी जागे झालेले असतात.

दहा कोंबड्यांमागें एक कोंबडा पुरे. केवळ खाण्यापुरतीं अंडीं हवीं असतील तर एकही नको; कोंबड्यावांचून कोंबडी अंडीं घालतेच, व तीं अफल अंडीं उन्हाळ्यांत अधिक टिकतात. उरलेल्या नरांस दोन सरळ वाटा आहेत. पहिली वाट ताटाची. गटारीस किंवा राखणीस लागणारा कोंबडा बाजारांतून विकत आणावा आणि घरचा कोणासही देऊन टाकावा, यांत शहाणपण नाहीं. दुसरी वाट वंशाची. एकाच घरचा कोंबडा त्याच्याच लेकींत वर्षानुवर्षें राहिला तर संतति निकस होत जाते. म्हणून कोलशेतचा उमदा कोंबडा मुरबाड-शहापुराकडील शेतकऱ्यानें न्यावा व तिकडील आम्हीं आणावा, यांत दोघांचाही लाभ आहे. खाडीकाठीं नेऊन सोडणें ही वाट नव्हे. प्राण्यास उपासमार होईल अशा स्थितींत टाकून देणें व त्यास झुंजीस लावणें, हे दोन्ही १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हे आहेत.

कोणी म्हणेल, मोठमोठ्या उबवणी केंद्रांत अंड्यांच्या जातीचीं नर पिलें पहिल्याच दिवशीं मारलीं जातात. मग आमच्या चार कोंबड्यांची काय कथा? परंतु जर्मनीसारख्या देशानें १ जानेवारी २०२२ पासून ती प्रथा कायद्यानें बंद केली आहे. रस्त्यावर रंगवून विकलीं जाणारीं पिलेंही बहुधा असे टाकाऊ ठरविलेले नरच असतात. मुलांच्या हट्टासाठीं तीं घेणें म्हणजे हीच अडचण पैसे देऊन घरीं आणणें होय.

आमची सूचना साधी आहे. आपल्या संघानें प्रत्येक गांवीं एक वही ठेवावी. कोणाकडे किती महिन्यांचा, कोणत्या रंगाचा कोंबडा आहे व कोणास हवा आहे, हें तींत लिहावें; घेणाऱ्यानें आपला हेतुही लिहावा. तलंग म्हणून नर देणाऱ्यानें तो परत घ्यावा. अदलाबदलींत रोगाचें भय मोठें आहे. मानमोडीची लस टोंचल्याखेरीज पक्षी हालवूं नये, व नवा पक्षी दोनचार आठवडे निराळ्या खुराड्यांत ठेवावा. फेब्रुवारी २०२२ मध्यें आपल्याच जिल्ह्यांत, शहापूर तालुक्यांतील वेहळोली येथें बर्ड फ्लू आढळला, तेव्हां आसपासच्या हजारों कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, हें विसरूं नये.

यंदा खुडूक बसविण्यापूर्वीं आम्हीं स्वतः मुरबाडकडील दोन घरीं शब्द टाकून ठेविला आहे. तेथून होकार आल्यावरच अंडीं ठेवूं. इतर बंधूंनींही असेंच करावें, अशी विनंति आहे.