टॅग टोचतोय हो!

शर्टाच्या मानेमागचा तो इवलासा टॅग. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पण काही मुलांना तो दिवसभर काट्यासारखा टोचत राहतो. मग सकाळी खाली स्कूलबस हॉर्न मारतेय आणि वर युनिफॉर्मवरून रडारड! 'फार लाडावलाय,' आजीचं निदान तयार. (ऑफिसला उशीर होत असला की आपल्यालाही ते लगेच पटतं.)

पण दरवेळी तो हट्टच असतो असं नाही. कान, डोळे, त्वचा यांच्याकडून येणाऱ्या माहितीतलं काय घ्यायचं आणि काय सोडून द्यायचं, हे मेंदू सतत ठरवत असतो. काही मुलांत ही गाळणी नीट चालत नाही. जीन आयर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनं १९७२ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. नेहमीच्या पाच इंद्रियांइतकंच महत्त्व तिनं शरीराच्या तोलाला आणि स्नायू-सांध्यांतून मिळणाऱ्या जाणिवेलाही दिलं.

मिक्सर लागला की कानांवर हात ठेवून पळणारा, वरणभातात गुठळी लागली की ओकारी काढणारी, नखं कापताना घर डोक्यावर घेणारा... ही मुलं निदान दिसतात तरी. याच्या उलट मुलांचं काय? त्यांना जाणवायलाच जास्त जोर लागतो. सोफ्यावरून धबाधब उड्या, मित्र रडेल इतकी घट्ट मिठी, गुडघा फुटला तरी पत्ता नाही. यांना आपण 'मस्तीखोर' म्हणून मोकळे! आणि एकच मूल दोन्हीकडे असू शकतं, बरं का.

मिक्सरला तर कितीतरी मुलं घाबरतात. यामुळे जेवण, झोप, शाळा, खेळ रोजच अडतंय का, ते बघा. कुठे, कधी, कशानं बिनसलं ते दोन आठवडे मोबाइलमध्ये टिपून ठेवा आणि ती नोंद घेऊन पीडियाट्रिशियनला गाठा. गरज असेल तर ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवतील. नेटवर वाचून स्वतःच लेबल लावू नका. २०१३च्या डीएसएम-५मध्ये हा वेगळा आजार म्हणून नाहीच; ऑटिझमच्या निकषांत मात्र अशा प्रतिक्रियांचा उल्लेख आहे. टॅग टोचला म्हणजे ऑटिझम नव्हे! पण बोलणं, मिसळणंही मागे पडत असेल, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणत वर्ष घालवू नका.

तोवर मिक्सर लावण्याआधी 'आता आवाज होणार हं' एवढं सांगा. आणि तो टॅग कापू नका, शिवण उसवून काढा. कापलेलं टोक जास्त टोचतं.